पाट्या शीलाने कापल्या नव्हत्या

उद्या दुपारी शीला तिच्या गाळ्याची किल्ली मालकाला देऊन टाकणार आहे. मेसमध्ये आज वांग्याची भाजी होती असं सांगावं, तितक्या सहज माझ्या लेकीने, शिवकन्येने हे मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. वर "बरंच झालं" असंही म्हणाली. तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. वह्या तपासायला घेतल्या, चार तपासल्या आणि बाजूला ठेवल्या. गाळा सोडून ती करणार काय? नवरा रामहरी ऑटो चालवतो, घर कसंबसं चालेल. पण ही हात बांधून बसणारी बाई नाही. पेडगावला आईवडिलांच्या मेंढरांमागे गेली तर? माऊसवर तिचा हात काय चालतो, ते मी पाहिलं आहे. तो हात पुन्हा काठी धरणार?

आता मध्यरात्र उलटली आहे. जिचा मी दोन वर्षं हेवा केला, तिच्याच काळजीने मला झोप लागत नाही. हे घरात कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पालमच्या एका शाळेत मराठी शिकवते. शिवकन्या माझी एकुलती एक मुलगी. परभणीत हॉस्टेलवर राहून शेतीत एम.एस्सी. करते. तिच्या कॉलेजच्या रस्त्याला एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी शीलाचा गाळा आहे. बाहेर साधा बोर्ड, 'येथे सेमिनारच्या स्लाइड करून मिळतील.' आत एक जुना कॉम्प्युटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर तिच्या अक्षरातला कागद: 'काम दिल्यावर फाइल त्याच दिवशी पुसली जाईल. नंतर मागू नये.' आपलं संशोधन दुसऱ्याच्या हाती पडेल, ही भीती पोरांना फार असते, म्हणून तिने हा नियमच करून टाकला होता.

शीलाचे वडील दत्तराव आणि आई कासाबाई अजूनही पेडगावला मेंढरं राखतात. ती बारावीपर्यंत शिकली, मग परभणीतल्या एका फोटो स्टुडिओत लागली. तिथे लग्नाच्या अल्बमसाठी फोटो कापून द्यायचं काम होतं. स्टुडिओ बंद पडल्यावर तिने त्यांचाच जुना कॉम्प्युटर घेतला. फोटोंची मोठी सॉफ्टवेअरं तिला येत नाहीत. ती सगळं पॉवरपॉइंटमध्येच करते. फोटो कापणं, उजळवणं, मागचा भाग काढून टाकणं, सगळं स्लाइडवरच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पॉवरपॉइंट मलाही येतं की. शाळेतल्या कार्यक्रमांच्या, निरोप समारंभांच्या स्लाइड मीच करते. फोटोला लंबगोल चौकट आणि धुक्यासारखी मऊ किनार द्यायची ही माझी खास पद्धत. मुख्याध्यापक त्याचं नेहमी कौतुक करतात.

दोन वर्षांपूर्वी शिवकन्या मला हौसेने तिच्याकडे घेऊन गेली. गाळ्यात जनावरांच्या डॉक्टरकीचा एक विद्यार्थी बसला होता. उपचाराआधीची मेंढी आणि उपचारानंतरची मेंढी असे त्याचे दोन फोटो होते, आणि त्यांची मागची बाजू काढायची होती. शीलाने बटण दाबलं तसा सगळा परिसर जांभळा झाला. जेवढं जांभळं होतं तेवढं जातं. मेंढीच्या लोकरीची कडही त्यात जायला लागली. शीलाने पेन्सिलचं चिन्ह घेतलं आणि एकेक बट राखत, ओठ मुडपून, रेघा मारत बसली. मध्येच थांबली.

"बापू, ही मेंढी ती न्हाई."

"म्हणजे?" तो पोरगा म्हणाला.

"आधीच्या मेंढीचा डावा कान चिरलेला हाय. हिचा आख्खा हाय. औषधानं कान बी जोडतोय का तुमच्या?"

शिवकन्या खो खो हसली. पोरगा चिडला, मोबाइल चाळायला लागला. नंतरचा फोटो खरंच दुसऱ्याच मेंढीचा होता. "आक्का, वाचवलं तुम्ही," म्हणून त्याने हात जोडले.

आक्का. तिथे सगळेच तिला आक्का म्हणत. शिवकन्यासुद्धा. मला मात्र पोरीच्या तोंडचा तो शब्द टोचला. आम्ही तिला बहीण दिली नाही, ती तिने बाजारात शोधली, असं काहीतरी वाटलं. आणि शीला तिला "शिवे" म्हणाली. माझ्या सासूबाई तेवढ्या तिला शिवे म्हणायच्या.

पुढे हे वाढतच गेलं. पोरगी फोनवर बोलायची ते आक्काचंच. आक्काने आज ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणला होता. आक्का म्हणते, स्लाइडवर चार ओळींच्या वर लिहायचं नाही. आक्काची मुलगी सहावीत आहे, तिला मी गणित शिकवते. एकदा प्रॅक्टिकलमध्ये शिवकन्या नापास झाली होती. हे मला चार महिन्यांनी कळलं, आणि शीलाला त्याच संध्याकाळी.

"तिला सांगितलंस आणि मला नाही?" मी विचारलं.

"आई, तू रात्रभर जागी राहतेस. आक्का नुसती म्हणाली, 'बरं, मग आता कवा हाय पुन्हा?' आणि चहा मागवला."

मी खरंच रात्रभर जागी राहते. पण म्हणून माझी पोर दुसरीकडे जाऊन रडायची, हे मला गिळता येईना. स्वतःला मुलगी आहे ना त्या बाईला? मग माझी कशाला हवी? आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "तिचं नाव निघालं की तुझी भाकरी करपते बघ." मी तवा आपटला, तेव्हा हसायचे थांबले.

मला सगळ्यात जास्त जळवायचे ते तिचे हात. मी फोटो लावते तेव्हा माऊस धरून हिसके देते, चौकट इकडची तिकडे पळते. ती एका बोटाने कोपरा ओढायची आणि फोटो जिथे हवा तिथे बसायचा. आणि तिचं एक होतं, कापलेलं ती कधीच टाकून देत नसे. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये लपून राहतो, कड पुन्हा ओढली की परत येतो. फाइल हलकी करताना तो कायमचा काढून टाकण्याचीही सोय आहे. शीला ती वापरत नसे. "सरांनी मागितलं तर वडून दावायला यावं," असं पोरांना सांगायची. हे मला शिवकन्येनेच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

आता चार महिन्यांपूर्वीची गोष्ट.

शिवकन्येचा प्रबंधाचा शेवटचा सेमिनार सोमवारी अकराला होता. विषय हरभऱ्यावरचा मर रोग. सात प्रकारच्या उपचारांचे सात प्लॉट, आणि त्यातला सातवा मुद्दाम काहीच न करता सोडलेला. उपचार न केल्यावर किती झाडं मरतात, हे त्यावरून दाखवायचं असतं. मला हे आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

"परीक्षेआधी एक रात्र घरचं जेवून जा," म्हणून मी हट्टाने तिला रविवारी बोलावून घेतलं. शीला शेवटच्या घडीपर्यंत फाइलवर काम करत होती. रामहरीच्या ऑटोने ती पेन ड्राइव्ह घेऊन बसस्टँडवर आली आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून शिवकन्येच्या हातात दिला. म्हणजे शेवटचं रूप पोरीनेही पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर तिने फाइल लॅपटॉपवर घेतली, हाताने लिहिलेल्या कागदांवरून दोनदा भाषण म्हणून पाहिलं आणि दहाला झोपून गेली. "आक्कानं केलंय म्हणजे बघायची गरज नाही," म्हणाली.

मी फाइल उघडली. नुसतं बघायचं होतं.

शेवटची स्लाइड आभाराची होती. सरांचा फोटो, मैत्रिणींचा फोटो, आणि हरभऱ्याच्या रानात शिवकन्या आणि शीला, दोघी डोक्याला रुमाल बांधून हसताहेत. खाली एका ओळीत 'आई-बाबांचे आशीर्वाद'. आमचा फोटो नव्हता.

मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले. मग म्हटलं, काम तरी बघू या बाईचं. मागे गेले. प्रत्येक प्लॉटच्या फोटोत एक पत्र्याची पाटी होती, पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरांत टी-वन, टी-टू असं काहीतरी, आणि ती धरलेला कोणा मजुराचा चिखलाचा हात. एवढं नावाजलेलं काम आणि फोटोत चिखलाचा हात! मी सगळ्या पाट्या कापल्या. सातव्या प्लॉटवर तर झाडं वाळून खराटा झालेली. परीक्षकांसमोर माझ्या पोरीचं पीक असं दिसणार? मी रंग वाढवला, उजेड वाढवला, फिक्क्या पानांवर हिरवी छटा आणली. तो प्लॉट इतका हिरवागार झाला की माझं मलाच कौतुक वाटलं. सगळ्या फोटोंना लंबगोल चौकटी, मऊ किनारी. आभाराच्या फोटोलाही. फाइल जड झाली होती, म्हणून फोटो दाबून लहान करण्याचं बटण शोधलं. कापलेला भाग काढून टाकायचा, अशी खूण तिथे आधीच होती. मी ओके म्हटलं. सेव्ह केलं. पेन ड्राइव्हवरही मीच घालून दिली, जुन्या फाइलच्या जागी.

खरं सांगते, मला तेव्हा फार आनंद झाला होता. सेमिनारनंतर ती विचारेल, 'आई, हे इतकं छान कोणी केलं?' आणि मी सांगेन, या विचारात मला तिच्या आधी जाग आली, डबाही मीच भरला.

साडेबाराला तिचा फोन आला. रडत होती.

सातवा प्लॉट पडद्यावर आला तेव्हा पाठीमागचे सगळे हसले म्हणे. काहीच उपचार न केलेलं पीक सगळ्यात हिरवं! मार्गदर्शक सर उठून उभे राहिले. "पाट्या कुठे आहेत?" एकाही फोटोत पाटी नाही. "पाटी नसेल तर हा फोटो कोणाच्याही बांधावरचा असू शकतो. तू रंग बदललेस? फोटो बदललेस?" सेमिनार थांबवला. पंधरा दिवसांनी पुन्हा, मूळ फोटो घेऊन.

मोबाइलमध्ये मूळ फोटो होते, त्यामुळे ती स्वतः वाचली. पण रंग बदलले कोणी, याचं उत्तर तिने सरांना एकच दिलं, आणि ते तिच्या मते खरंच होतं. स्लाइड बाहेरून करून घेतल्या होत्या.

त्याच दुपारी ती शीलाकडे गेली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. शीलाने फाइल उघडली. सातव्या प्लॉटचा फोटो मूळ रूपात आणणारं बटण दाबलं, तशी वाळलेली झाडं परत आली. मग क्रॉप घेऊन खालची कड ओढली. पाटी आली नाही. पुन्हा ओढली. दुसऱ्या फोटोवर ओढली. सातही फोटोंवर ओढून झाली.

"शिवे, ह्ये मी केलेलं न्हाई. मी ते दाबतच न्हाई."

"मग कुणी केलं आक्का? पेन ड्राइव्ह तुम्हीच दिला ना?"

शीलाकडची फाइल तिच्या नियमाप्रमाणे आदल्या रात्रीच पुसलेली होती. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

मला हे कळलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शिवकन्या म्हणाली, "आई, आता मी तिच्याकडे पाऊल ठेवणार नाही. तूच मला नवीन स्लाइड करून देशील?" आणि मी म्हणाले, "देईन की."

सरांनी वर्गात सांगितलं की त्या गाळ्यात काम द्यायचं नाही. एका वर्गाने दुसऱ्याला सांगितलं. इकडे आमचं मात्र छान चाललं होतं. पोरगी रोज फोन करायची, फोटो पाठवायची, विचारायची. पाट्या कशा दिसायला हव्यात, ते तिने मला शिकवलं. दुसऱ्यांदा सेमिनार झाला, पास झाली. त्या चार महिन्यांत माझ्या मुलीने मला जेवढे फोन केले तेवढे त्याआधी दोन वर्षांत केले नव्हते.

मागच्या महिन्यात शाळेच्या कामाने परभणीला गेले होते. काम संपलं आणि पाय त्या रस्त्याला वळले. तिची पडती बघायला गेले होते मी, दुसरं काही नाही. गाळ्यात कोणी नव्हतं. शीला कॉम्प्युटर बंद ठेवून गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"या मॅडम. लय दिवसांनी. शिवी बरी हाय ना?"

"बरी आहे. पास झाली."

"कळलं मला. पोरी सांगतेत येता-जाता." तिने खुर्ची पुसून दिली. "चहा सांगू का?"

"नको. गर्दी नाही आज?"

"आज? औंदा म्हना." हसली. "नवरा म्हन्तो, दुकानात बसून भाज्या निवडतीस, त्यापरीस भाजीचंच दुकान टाक."

मला हसता आलं नाही. उठायला लागले, तशी ती शेंगा मोडता मोडताच, वर न बघता म्हणाली, "मॅडम, तुमच्या शाळंच्या निरोप समारंभाचे फोटो शिवीनं एकदा दाखवले व्हते मोबाइलवर. लय कौतुकानं. गोल गोल, कडंला धुकं सोडल्यावानी."

मी उठता उठता पुन्हा खुर्चीत बसले.

"तिच्या सेमिनारच्या फाइलीत बी तसंच धुकं व्हतं."

"शीला..."

"मी तिला बोलले न्हाई. तिच्या ध्यानात यील असं वाटलं, न्हाई आलं. आपल्या आईवर कोन कशाला शक घ्यावा?" मग तिने मान वर केली. रागाने बघेल असं वाटलं होतं. दमलेली दिसली फक्त. "मी सांगितलं असतं तर मला आक्का म्हनली असती का पुन्हा? म्हनली असती. पन तुमाला काय म्हनली असती, त्याची फिकीर आली मला. मी बी लेकीची आईच हाय की."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक बस चुकेल म्हणाले. गंगाखेडपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला शरम वाटायच्या ऐवजी पुन्हा हेवाच वाटत होता. गप्प बसायचं कामही तिने माझ्याहून चांगलं केलं होतं. मी भीतीने गप्प होते. ती माझ्या पोरीला आई राहावी म्हणून गप्प होती. तिचं हे मोठेपण मला नको होतं. तिने भांडायला हवं होतं, चारचौघांत माझं नाव घ्यायला हवं होतं, म्हणजे मला तिला नावं ठेवता आली असती.

महिना झाला त्याला. या महिन्यात मी पन्नास वेळा स्वतःला सांगितलं की रामहरी कमावतो, तिचं काही अडत नाही. पोरं दुसऱ्या दुकानातून स्लाइड करून घेतात, जगात एक गाळा बंद झाल्याने काही होत नाही. पण तिच्या कामात खोट निघाली, हे खोटं तिच्या नावावर माझ्यामुळे बसलं आहे. चिरलेल्या कानावरून मेंढी ओळखणाऱ्या बाईने फोटोत लबाडी केली, असं त्या रस्त्यावरची पोरं उद्यापासून कायमचं म्हणणार. गाळा बंद झाला की तिचं काम बघून ते खोटं ठरवायला कोणी आत येणारच नाही.

संध्याकाळच्या फोनवर शिवकन्या पुढे म्हणाली होती, "आई, माझ्या नोकरीच्या मुलाखतीला स्लाइड लागतील, तूच कर. तुझ्याशिवाय आता कोणावर विश्वास नाही बाई." दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघितली. आणि ऐकल्यावर मला फोन कधी ठेवते असं झालं.

शीलाला फोन करावा असं आधी वाटलं. माफी मागायची, गाळा सोडू नको म्हणायचं. पण तिला काय सांगणार? तिला सगळं माहीत आहे. माझ्या माफीने तिच्या खुर्चीवर एकही पोरगं येऊन बसणार नाही. सरांना जाऊन सांगू शकते ती शिवकन्या, आणि सगळ्यांना ऐकवू शकते तीही शिवकन्याच. ती ऐकून काय म्हणेल? कदाचित आठ दिवस बोलणार नाही. कदाचित त्याहून जास्त. उद्या सकाळी उठून ती धावत त्या गाळ्यात जाईल, शीलाच्या गळ्यात पडेल, मला फोन करायचं तिला सुचणारही नाही. हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसतं आहे.

एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत. ती जागीच असेल, दोनपर्यंत वाचत असते. सकाळपर्यंत थांबले तर मी पुन्हा काहीतरी कारण शोधेन, आणि दुपारी किल्ली गेलेली असेल. हे लिहिणं इथे थांबवते आणि शिवकन्येला फोन लावते.